जीपगाडीचे पायदान

टांग्यातून हिंडलेली पिढी आता बरीच वयस्क झाली. परंतु त्या पिढीला टांग्याचे पायदान आठवत असेलच. मागल्या बाजूस खाली लोंबणारी ती लोखंडी चकती, हजारो पावलांनी घासून मधोमध चकचकीत झालेली. तिच्यावर पाय पडताच सारा टांगा मागे कलायचा आणि घोडा कान टवकारायचा. पुढे मोटारी आल्या. आरंभीच्या मोटारींना पुढल्या चाकापासून मागल्या चाकापर्यंत लांबच लांब फळी असे. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मोटारींचे अंग रुंद होत गेले, ती फळी त्या अंगाच्या पोटात गडप झाली, आणि माणसे पायरीवाचून थेट आसनावर बसू लागली. आता चक्र पुन्हा फिरले आहे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, गुरखा अशा उंच गाड्या दारोदार दिसू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर पायदानही परत आले.

आपल्या बृहन्महाराष्ट्रीय घरांत या गाड्यांचे काम जरा निराळेच असते. गाडी घेतो घरातला तरुण. त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर, चिखल आणि नदीचे पात्र असते. पण त्या गाडीत बसते सारे घर. कुलदैवत जेजुरीला, तुळजापुराला किंवा कोकणातल्या एखाद्या आडगावी. वर्षा-दोन वर्षांतून तिकडे जाऊन यायचे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. त्या वेळी मागल्या आसनावर आजी असतात, गुडघे दुखणारे काका असतात, कडेवर मूल घेतलेली सून असते. इंदूरहून निघालेल्या माणसांना घरी परतेपर्यंत चहा, जेवण, देवळे, नातेवाईक धरून गाडीतून वीस-पंचवीस वेळा तरी चढउतार करावी लागते. हा चढउताराचा हिशेब गाडी घेताना कोणी मांडीत नाही. म्हणूनच पायदान कसे निवडावे, ते टिकाऊ कशाने होते, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हांस वाटले.

मुळात जीपला पायदान नव्हतेच. १९४१ पासून अमेरिकेत लष्करासाठी विलीज कंपनीची जी जीप तयार होऊ लागली, तिला दारेही नव्हती. बाजूचा पत्रा मधोमध खाली कापलेला, त्यावरून पाय टाकला की माणूस आत. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी आरंभली. ही गाडी बनली ती विशी-पंचविशीच्या शिपायांसाठी; आजीबाईंचा विचार तिच्या जनकांनी कधी केला असेल असे वाटत नाही. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली, थार २०१० साली. थारचा नवा अवतार २०२० चा. इंदूरकरांना जवळची म्हणजे फोर्स मोटर्सची गुरखा. या कंपनीचा एक कारखाना आपल्या पीथमपुरातच आहे. या सर्व गाड्यांची ठेवण एका बाबतीत सारखी आहे. खाली शिडीसारखी मजबूत लोखंडी चौकट, जिला सगळे चेसीस म्हणतात, आणि त्या चौकटीवर रबरी गाद्या घालून बसविलेला वरचा पत्र्याचा सांगाडा. पायदानाच्या दृष्टीने ही ठेवण फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

दुकानात गेल्यावर भिंतीवर दहा प्रकारची पायदाने टांगलेली दिसतात आणि गिऱ्हाईक चकाकीला भुलते. त्याआधी घरीच एक प्रश्न सोडवून घेतलेला बरा. गाडी खरोखर कुठवर जाणार? बहुतेकांची गाडी हमरस्ता, घाट आणि शेवटचा पाच-सात किलोमीटरांचा कच्चा रस्ता यापलीकडे जात नाही. अशांना माणसाचे वजन पेलणारे पायदान पुरे. पण ज्यांना दगडाधोंड्यांतून, ओढ्यांतून, शेतांचे बांध ओलांडून गाडी न्यावयाची असते, त्यांना जी वस्तू हवी तिचे नाव रॉक स्लायडर. दिसायला दोन्ही नळ्याच. काम मात्र भिन्न. पायदानावर माणूस उभा राहतो. स्लायडरवर प्रसंगी सबंध गाडीच एका अंगाने टेकते आणि दगडावरून घसरत पुढे जाते. दीड-पावणेदोन टनांच्या गाडीचा निम्मा भार ज्याने सोसावयाचा, त्याची नळी, त्याचे आधार, त्याचे जोड सगळेच वेगळ्या हिशेबाचे असावे लागतात. स्लायडरचा पायदान म्हणून उपयोग होतो. पायदानाचा स्लायडर म्हणून होत नाही. दुकानदार ‘दोन्ही कामे करील’ असे म्हणाला, तर त्याच्या आधारपट्ट्या तेवढ्या पाहून घ्याव्यात. उत्तर तेथेच मिळते.

उंचीचेही असेच आहे. नव्या थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच असल्याचे कंपनी सांगते, आणि उंचवटा ओलांडताना पोट न टेकता २७ अंशांपर्यंतचा कोन ती पार करते. आता २२६ हा आकडा गाडीच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजलेला असतो, दाराखालच्या कडेपासून नव्हे. ती कडा त्याहून बरीच वर असते, आणि नेमकी तीच शिल्लक उंची लोंबते पायदान खाऊन टाकते. बांध ओलांडताना पुढली चाके पलीकडे उतरली, मागली अजून अलीकडे आहेत, अशा क्षणी मातीला पहिला स्पर्श होतो तो पायदानाचा. म्हणजे चढायला सोपे पाहिजे तर पायदान खाली हवे, आणि बांध ओलांडायचा तर ते वर हवे. हा तंटा सुटणारा नाही. घरात गुडघेदुखी किती आणि शेताचे बांध किती, हे ज्याने त्याने पाहून मध्य काढावा. आमचे मत विचाराल तर आम्ही गुडघ्यांच्या बाजूचे आहोत. बांधाला वळसा घालता येतो.

आता भाराचा हिशेब. सत्तर किलोचे माणूस पायदानावर सावकाश उभे राहिले, तर भार सत्तर किलोचाच. पण चढणारा सावकाश कधी चढतो? तो अंग झोकून देतो. भार एकदम पडला की त्याचा परिणाम दुपटीइतका होतो, हे यंत्रशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत शिकवितात; उडी मारून पडला तर दुपटीहूनही अधिक. शिवाय हा भार आधारावर सरळ पडत नाही. पायदान चेसीसपासून बाहेर निघालेले असते, म्हणून तेथे तरफेचे तत्त्व लागू होते. पाय चेसीसपासून वीस सेंटिमीटरांवर पडला तर जेवढी पिळवटणी, त्याच्या दीडपट तीस सेंटिमीटरांवर. म्हणून बाहेर फार आलेले रुंद पायदान दिसायला ऐसपैस असले, तरी आपल्या आधारांना ते रोज दमवीत असते. आणि पायदाने मोडतात ती बहुधा एका मोठ्या धक्क्याने नव्हे. रोजच्या लहान हिसक्यांनी जोडाच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, ती रंगाखाली दिसत नाही, वाढत जाते, आणि एके दिवशी आधार निखळतो. त्या दिवशी पायदानावर कोण उभे असेल हे कोणाच्या हाती नसते. तरुण पडला तर कपडे झटकून उठतो. पंचाहत्तरीच्या बाईंचे खुब्याचे हाड मोडले, तर सारे घर सहा महिने आडवे होते.

तेव्हा पायदान पाहावयाचे ते खालून. वरची नळी कशी आहे यापेक्षा ती कशाला धरून आहे हे आधी पाहावे. चांगल्या पायदानाचे आधार थेट चेसीसला जातात, एका बाजूस निदान तीन असतात, आणि ते बोल्टांनी आवळलेले असतात. स्वस्त पायदानाचे आधार दाराखालच्या पत्र्याला जोडलेले असतात. तो पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. काही महिन्यांत बोल्टाच्या भोकाभोवती तो फाटू लागतो आणि तेथूनच गंज आत शिरतो. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे पत्र्याचा सांगाडा चेसीसवर रबरी गाद्यांवर बसलेला असतो, म्हणजे खराब रस्त्यावर दोघे थोडे निरनिराळे हलतात. पायदानाचा एक आधार चेसीसला आणि दुसरा पत्र्याला, अशी मिश्र जोडणी केली, तर ही हालचाल सगळी त्या बिचाऱ्या आधारांवर येते. अशी जोडणी आम्ही एकाहून अधिक गॅरेजांत पाहिली आहे, आणि ‘साहेब, असे डबल मजबूत होते’ हे त्यावरचे समर्थनही ऐकले आहे.

चेसीसला आधार जोडायचा म्हणजे त्यात मनाला येईल तेथे भोक पाडावयाचे असा अर्थ नाही. चेसीसच्या दांड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सर्वांत अधिक ताण असतो. मधल्या उभ्या अंगावर तो कमी असतो. कडेवर पाडलेले भोक म्हणजे चिरेला आमंत्रण. पुष्कळ गाड्यांत कंपनीने आधीच भोके आणि आट्याचे ठिकाण ठेवलेले असते. त्याच गाडीसाठी बनविलेले पायदान त्या भोकांवर बिनबोभाट बसते. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ अशा पायदानाच्या वाटेस जाऊ नये, याचे कारण हेच. वेल्डिंगला तर चेसीसजवळ फिरकूच देऊ नये. त्या उष्णतेने जोडाशेजारचे पोलाद आपला मूळ गुण गमावते, आणि दांड्याच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा गेलेल्या असतात, त्यांचा धोका वेगळाच.

नळीची जाडी हा दुसरा मुद्दा, आणि फसवणुकीला येथेच सर्वाधिक वाव. नळीच्या दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची बुचे बसविलेली असतात. आतली भिंत किती जाड हे दिसत नाही. दुकानदार तीन मिलिमीटर सांगतो, तुम्ही मान डोलावता. यावर साधा उपाय म्हणजे तराजू. पन्नास मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी भिंतीने तीन मिलिमीटर जाड असेल, तर तिचे वजन मीटरला सुमारे साडेतीन किलो भरते. दोन मिलिमीटर असेल, तर सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम. म्हणजे दीड मीटरच्या एका नळीत दीड किलोहून अधिक फरक. आधारपट्ट्यांचे वजन वेगळे धरावे लागते, म्हणून शक्य तर बूच काढवून आत बोट घालून पाहावे. पण एकाच घडणीची दोन पायदाने शेजारी शेजारी तोलली, तरी खरे-खोटे कळते. आमच्या लोहामंडीतले जुने व्यापारी नळी हातावर तोलूनच भाव करतात. त्यांना कॅलिपर लागत नाही.

जाड व्यासाची पण पातळ भिंतीची नळी हाही एक मोह आहे. ती वाकायला अवघड असते हे खरे. परंतु दगडाचा एक ठोसा बसला की तिला खळगा पडतो, आणि खळगा पडलेली नळी मग त्याच जागी मुडपते. रस्ता डांबरी असेल तर ही नळी चालेल. दगडांत मात्र बेताचा व्यास आणि जाड भिंत हीच जोडी बरी.

धातूविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. स्टेनलेस म्हटले की गंजणार नाही, ही समजूत आपल्या घरातल्या भांड्यांवरून आलेली. पण स्टेनलेसमध्येही जाती आहेत. ३०४ या जातीत सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या २०२ जातीत निकेल कमी करून मँगॅनीज वाढविलेले असते. ती दिसायला तितकीच चकचकीत, पण पावसाळ्यात तिच्यावर तपकिरी ठिपके उमटतात. लोहचुंबक लावून पारख करणारे शहाणे भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की या दोन्ही जाती चुंबकाला जवळपास सारख्याच दाद देत नाहीत. चुंबकाने साधे लोखंड ओळखता येते, ३०४ आणि २०२ यांतला भेद नव्हे. बिलावर जात लिहून घेणे हाच मार्ग. आणि गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की समुद्राच्या खाऱ्या हवेपुढे ३०४ लाही हळूहळू बारीक खड्डे पडतात. ते गोड्या पाण्याने धुतले तर पुष्कळ टळतात.

साध्या पोलादाला कमी लेखण्याचे कारण नाही. भट्टीत भाजून चढविलेला काळा पावडरचा रंग सुरेख दिसतो, पण चाकाने उडविलेला खडा त्याचा टवका काढतो, आणि मग गंज रंगाखालून पसरत जातो. वर फुगवटे दिसू लागले की आत बरेच काही झालेले असते. त्याऐवजी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले पोलाद दिसायला राखाडी आणि रुक्ष, परंतु त्याचा गुण असा की ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला काही काळ राखते. वीजवाहिन्यांचे मनोरे याच मुलाम्यावर वर्षानुवर्षे पावसात उभे असतात. अशा जस्ती पायदानावर वरून रंग दिला, तर आमच्या मते याहून टिकाऊ वस्तू मिळणे कठीण. ॲल्युमिनियम हलके, पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचे, आणि तांबेरत नाही. परंतु त्याचा ताठपणाही एक-तृतीयांशच, म्हणून त्याची घडण जाड लागते. पोलादी बोल्ट जेथे ॲल्युमिनियमला भिडतो, तेथे ओलाव्यात ॲल्युमिनियमच झिजते. मधे रबरी किंवा नायलॉनचा वॉशर हवा. प्लॅस्टिकच्या साच्यातली पायदाने शहरात शोभतात. त्यांचे बळ आत दडलेल्या लोखंडी पट्टीत असते, तेव्हा तीच वाकून पाहावी.

गंज बहुधा आतून येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बूच सैल होते, नळीत पाणी शिरते, आणि बाहेर पडायला वाट नसते. चांगला कारागीर नळीच्या खालच्या अंगाला पेन्सिल जाईल एवढे भोक ठेवतो. माळव्याची काळी माती तर विशेष चिवट. ती पायदान आणि पत्रा यांच्या फटीत ठासून बसते आणि दिवाळीपर्यंत ओलावा धरून ठेवते. सपाट बंद फळीपेक्षा जाळीदार पायदान आम्हांस बरे वाटते ते यासाठीच. चिखल खाली गळून जातो. बेळगाव, खानापूर, गोवा इकडची तांबडी माती इतकी चिकटत नाही, पण तेथला पाऊस माळव्याला भारी आहे.

आता पायाविषयी. नुसत्या गोल नळीवर ओली चप्पल ठरत नाही. पाऊल टेकायला निदान दहा-बारा सेंटिमीटर रुंदीची सपाट जागा हवी, आणि तिला रबराचे चौकोन डकविलेले असण्यापेक्षा पत्र्यालाच भोके पाडून त्यांच्या कडा वर उचललेल्या असाव्यात. रबर दोन उन्हाळ्यांत गुळगुळीत होते आणि मग निघून येते. पायदान पत्र्याला इतके चिकटलेले नसावे की पावलाचा चवडा आत जाईना आणि टाचेवरच तोल सांभाळावा लागावा. ते इतके बाहेरही नसावे की उतरताना साडीचा काठ त्याच्या चिखलाने भरावा. उंचीचा अंदाज सोपा आहे. जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतचे अंतर मोजावे. पायदान त्याच्या साधारण निम्म्यावर यावे, म्हणजे दोन्ही पावले सारखी उचलावी लागतात. एक पायरी बुटकी आणि दुसरी उंच असली, की म्हातारे माणूस दुसऱ्या पायरीला अडखळते.

आणि पायदान हे चढण्याचे निम्मेच साधन आहे. उरलेले निम्मे म्हणजे हाताची मूठ. दाराच्या खांबाला आतून घट्ट मूठ नसेल, तर चढणारा दार धरतो, आणि दार फिरते. पुढल्या आसनाला बहुधा मूठ असते. मागे, जेथे वडीलधारी मंडळी बसतात, तेथे पुष्कळदा ती नीट हाती येत नाही. पायदानाच्या खर्चाच्या मानाने मुठीचा खर्च किरकोळ. दुकानात जाताना घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीस बरोबर न्यावे, तिच्या नेहमीच्या चपलांसह, आणि तशाच बसविलेल्या एखाद्या गाडीवर तिला दोनदा चढउतार करून पाहू द्यावी. तिचा हात आपोआप कुठे जातो तिकडे लक्ष ठेवावे. मूठ तेथे हवी.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. गाडीपुढे बसविल्या जाणाऱ्या लोखंडी कठड्यांविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. पायदान हे त्या कठड्यांतले नव्हे; तरी ते गाडीच्या रुंदीबाहेर डोकावू नये, आणि शक्य तर कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेलेच घ्यावे, म्हणजे हमीपत्रावरून वाद उद्भवत नाही. त्याच कायद्याचे १२३ वे कलम अधिक महत्त्वाचे आहे. चालत्या गाडीच्या पायदानावर कोणासही उभे राहू देऊ नये, असे ते बजावते. खेड्यांतल्या वडाप जीपांमागे चारचार माणसे लोंबकळताना आपण पाहतोच. घरच्या गाडीतही लग्नाच्या वरातीत किंवा शेतावर मुले हौसेने पायदानावर उभी राहतात, आणि मोठी माणसे कौतुकाने पाहतात. पायदान थांबलेल्या गाडीसाठी असते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

दार उघडताच आपोआप खाली येणारी विजेची पायदानेही मिळतात. गुळगुळीत रस्त्यांच्या शहरात ती ठीक. काळ्या मातीने त्यांचे सांधे एकदा भरले, की ती धड खाली राहत नाहीत आणि धड वर जात नाहीत.

बसविण्याच्या दिवशी आपण स्वतः गॅरेजात उभे राहावे. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असावा. ती त्याच्या बळाची खूण आहे. बिनखुणेचे बोल्ट परत करावेत. नट नायलॉनच्या कड्याचे असले, तर हादऱ्यांनी सुटत नाहीत. चाक बदलताना जॅक लावण्याच्या जागा पायदानाने झाकल्या जात नाहीत ना, हे तेथेच जॅक लावून पाहावे. आणि जॅक पायदानाखाली कधीही लावू नये. पाचशे किलोमीटरांनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि पुढे दर पावसाळ्यानंतर एकदा. त्या वेळी आधारांच्या कोपऱ्यांतून ओले फडके फिरवावे. धूळ निघाली की चीर असल्यास बारीक तांबूस रेघ दिसते. पायदानाच्या एका टोकावर उभे राहून जरा हलून पाहावे. आधी न येणारा आवाज येऊ लागला, तर गाडी त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे न्यावी, आणि तोवर आजींना पुढल्या दाराने, घरातल्या लाकडी पाटावर पाय ठेवून चढवावे.